शके १९४७, दिवे बंद

डोंबिवलीकरानं गुढीपाडव्याला गावात नसणं म्हणजे पंढरपूरकरानं आषाढीला गोव्याला जाणं. नववर्ष स्वागतयात्रेची सुरुवात १९९९ साली आमच्याच गावातून, गणेश मंदिर संस्थानाकडून झाली. मी अकरा वर्षं त्या यात्रेत लेझीम खेळले आहे. त्यामुळे २०२५ च्या पाडव्याला आम्ही बालीत असणार हे कळल्यावर सोसायटीतल्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घर विकायला काढलंय.

खापर नवऱ्यावर. त्याला जकार्ताच्या एका सहकाऱ्यानं इंडोनेशियाच्या सुट्ट्यांची यादी पाठवली होती. त्यात एका सुट्टीपुढे लिहिलं होतं: ‘न्येपी, साका १९४७’. न्येपी म्हणजे बालीचा वर्षाचा पहिला दिवस. स्वयंपाकघरातल्या आमच्या कॅलेंडरवर ३० मार्चच्या चौकटीत ‘शके १९४७ प्रारंभ’. आकडा तोच, कारण शकही तोच. ज्याला आपण शालिवाहन शक म्हणतो, तीच कालगणना समुद्रापार जावा-बालीला गेली आणि बालीत अजून रोजच्या वापरात आहे. जावात १६३३ साली सुलतान आगुंगनं महिने हिजरी पद्धतीचे केले, पण वर्षाचा आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला. बालीत महिनेही जुनेच राहिले. नववा महिना कसांगा. त्याची अमावास्या संपली की दुसऱ्या दिवशी नवं वर्ष. आपल्या फाल्गुन अमावास्येनंतर पाडवा, तसंच. त्या वर्षी त्यांची न्येपी शनिवारी २९ मार्चला आली आणि आपला पाडवा रविवारी ३०ला. अमावास्या नेमकी कुठल्या दिवसाची धरायची, एवढाच फरक.

हिशोब सारखा असला तरी साजरं करणं पार उलटं. आपण ढोल-ताशे आणि फेटे-नऊवारीत बुलेट घेऊन निघतो. ते चोवीस तास दिवे बंद करून घरात बसतात. विमानतळसुद्धा बंद. हे वाचलं आणि आई (माझ्या सासूबाई, वय ६८) म्हणाल्या, “मलाही यायचंय. आयुष्यात एकदा तरी शांत पाडवा बघायचाय.”

आम्ही मुंबईहून सिंगापूरमार्गे २५ मार्चच्या रात्री पोचलो. भारतीयांना तिथे उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. पाच लाख रुपये. घाबरू नका, त्यांचे रुपये. आपले तेव्हा साधारण २,६००. शिवाय बाली सरकार परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख घेतं, म्हणजे आपले तेव्हा ७८० च्या आसपास. हा कर फेब्रुवारी २०२४ पासून आहे. दोन्ही घरूनच भरून निघा, रांग टळते. आमची रांग टळली, पण कस्टम्सवाल्यानं आईंची बॅग उघडायला लावली. आत तांब्याचा तांब्या, खणाचं कापड, साखरेची गाठी आणि दोन किलो चिवडा. गाठी उजेडाकडे धरून तो बराच वेळ बघत राहिला. “स्वीट, फॉर गॉड,” नवरा म्हणाला. “ओ, उपाचारा!” म्हणत त्यानं चेन लावून दिली. उपाचारा म्हणजे पूजाविधी. आपला ‘उपचार’च की.

हा शब्दांचा खेळ मग आठवडाभर चालला. देवळातलं पाणी ‘तीर्ता’. पूजेनंतर कपाळाला चिकटवतात ते कच्चे तांदूळ ‘बीजा’, म्हणजे आपल्या अक्षताच. न्येपीच्या चार नियमांचं नाव ‘चातुर ब्राता’. आईंना बालीतलं एक अक्षर येत नव्हतं आणि तरी निम्मं कळत होतं.

राहायचं कुठे, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. न्येपीला बहुतेक प्रवासी रिसॉर्ट घेतात. आत पोहण्याचा तलाव चालू असतो, पडदे ओढून जेवणही वाढतात. तसं राहिलात तर तुम्हाला न्येपी म्हणजे एक कंटाळवाणा शनिवार वाटेल. आम्ही सानूरमध्ये एका कुटुंबाच्या वाड्यातल्या दोन खोल्या घेतल्या. बालीचं घर म्हणजे भिंतीआड एक अंगण आणि त्यात सुट्या सुट्या पडव्या: झोपायची वेगळी, पाहुण्यांची वेगळी, स्वयंपाकघर वेगळं, आणि ईशान्येच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात घरचं देऊळ. मालकीणबाईंना सगळे ‘इबू’ म्हणत, म्हणजे आई. त्यामुळे घरात दोन आया झाल्या. शेजारच्या पोरांनी आमच्या आईंना ‘दादोंग’ करून टाकलं, म्हणजे आजी.

अशी खोली घेताना आधीच विचारा: न्येपीच्या दिवशी जेवण देणार का, खोलीला जाड पडदे आहेत का, अंगण आहे का. अंगण नसेल तर घेऊच नका. रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही, म्हणजे चोवीस तास खोलीतच.

२६ला सकाळी सानूरच्या किनाऱ्यावर मलास्ती पाहिली. न्येपीच्या दोन-चार दिवस आधी प्रत्येक गाव आपल्या देवळातल्या मूर्ती आणि पवित्र वस्तू मिरवणुकीनं समुद्रावर नेऊन शुद्ध करून आणतं. वेगवेगळ्या गावांचे दिवस वेगळे असतात, म्हणून यजमानांना विचारून ठेवा. पुढे पांढऱ्या-पिवळ्या छत्र्या, मागे डोक्यावर नैवेद्याचे मनोरे घेतलेल्या बायका, आणि मधे बलेगांजुर. बलेगांजुर म्हणजे चालता वाद्यवृंद: गळ्यात अडकवलेले ढोल, दोघांच्या खांद्यावरच्या काठीला टांगलेल्या मोठ्या घंटा आणि आठ-दहा जणांच्या हातात झांजा. झांजांचा एक गट वाजवतो, दुसरा मधल्या फटी भरतो, आणि कानाला एकच अखंड खळखळाट ऐकू येतो. माझे पाय आपोआप लेझीमच्या ठेक्यावर पडायला लागले. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं.

मिरवणुकीजवळ जायचं तर कमरेला कामन, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, आणि वर सेलेंडांग, म्हणजे पट्टा, हवाच. मी बाजारात त्यांच्या ऐंशी हजारांना घेतलं. आई नेहमीच्या साडीत होत्या, त्यांना कुणी अडवलं नाही. उलट दोन बायकांनी थांबवून पदराचं कापड बोटांत धरून पाहिलं. फोटो काढायला हरकत नसते, पण प्रार्थनेला बसलेल्यांच्या पुढे उभं राहू नका आणि पुजाऱ्यापेक्षा उंच जागी चढू नका. मासिक पाळीत देवळात जाऊ नये, असा तिथला नियम आहे आणि पाट्यांवर तो स्पष्ट लिहिलेला असतो. पटो न पटो, पाहुणीनं तिथे वाद घालायला जाऊ नये, असं माझं मत.

आता ओगोह-ओगोह. मला विचाराल तर बालीला मार्चमध्ये जायचं कारण हेच.

न्येपीच्या आदल्या संध्याकाळी भुताखेतांच्या, म्हणजे ‘बुता काला’च्या, प्रचंड मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवतात. सुळे, लोंबते स्तन, बाहेर आलेले डोळे, हातभर जीभ. ‘ओगाह-ओगाह’ म्हणजे हलवणं, त्यावरून नाव. प्रथा वाटते तितकी जुनी नाही; तिचा आजचा थाट १९८० च्या दशकातला. दर वस्तीची एक संघटना असते, तिला ‘बांजार’ म्हणतात. बांजारमधल्या तरुण-तरुणींचं मंडळ दोन-तीन महिने खपून मूर्ती करतं. मी ‘मंडळ’ मुद्दामच म्हणते. वर्गणी तीच, रात्री जागणं तेच, “पलीकडच्या बांजारची आमच्यापेक्षा मोठी आहे” ही जळफळही तीच. पूर्वी थर्मोकोल सर्रास असे. आता स्पर्धांमध्ये बांबू, कागद, वेत, सुकी पानं असंच साहित्य लागतं.

२७ला संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बांजारच्या मंडपात गेलो. वीसेक वर्षांचा एक मुलगा मूर्तीच्या तळहाताला सोललेल्या नारळाच्या काथ्याचे केस एकेक करून चिकटवत होता. तळहाताला केस का, म्हणून नवऱ्यानं विचारलं. मुलगा थोडा विचार करून म्हणाला, “कारण ते वाईट आहे.” एवढ्यात आईंची नजर कोपऱ्यातल्या उरलेल्या बांबूंवर गेली. सांगाडा बांधून झाल्यावर चार-पाच उंच, सरळ काठ्या शिल्लक होत्या. मग खाणाखुणा सुरू झाल्या. आईंनी हातानं उंची दाखवली, वर उपडा तांब्या दाखवला, कापड दाखवलं. मुलं गोंधळली. शेवटी एकाला काहीतरी सुचलं: “पेंजोर?” पेंजोर म्हणजे गालुंगानच्या सणाला प्रत्येक दारात उभारतात तो सजवलेला, शेंडा वाकलेला उंच बांबू. “हो हो, पेंजोर!” आईंनी ठोकून दिलं. एक काठी आमच्या खोलीबाहेर येऊन पडली.

२८ तारखेला दुपारी चौकाचौकांत तावुर, म्हणजे भूतबळीचे विधी झाले. याचा सर्वांत मोठा सोहळा जावात, नवव्या शतकातल्या प्रांबानानच्या शिवमंदिरासमोर होतो. पण जावा आणि बाली दोन्ही जमवायच्या फंदात पडू नका, कारण संध्याकाळनंतर बालीत शिरायची दारं एकेक करून बंद होत जातात.

आणि आता आमची चूक. मिरवणूक मोठी बघायची म्हणून आम्ही बालीच्या राजधानीत, देनपासारला गेलो, पुपुतान मैदानाजवळच्या चार तोंडांच्या पुतळ्याच्या चौकात. टॅक्सीवाल्यानं चारच्या सुमारास मैदानापासून बऱ्याच आधी उतरवलं, पुढे रस्ते बंद. मिरवणूक मात्र काय सांगू. बांबूच्या चौकटीवर मूर्ती, खाली तीसेक जण, चौकात आले की गरागरा तीन फेरे, म्हणजे भुतांना दिशा कळू नये. एक आठ हातांची बाई फिरता फिरता आमच्या बाजूला इतकी झुकली, की तिच्या नखावरचा ओला रंग माझ्या ओढणीला लागला. आईंनी तोंडावर हात घेतला आणि मग मोठ्यानं हसल्या. “आपल्या गणपतीला घाबरवायला कुणी ठेवलंय का असं?”

रात्री साडेदहाला लक्षात आलं, की परतायला एकही गाडी नाही. ॲपवर गाड्या दिसेनात आणि रस्त्यावरचा प्रत्येकजण आपापल्या घरी निघालेला. सहा-सात किलोमीटर चालत आलो. आईंची चप्पल तुटली. वाटेत एका कुटुंबानं पाणी दिलं आणि एका स्कूटरवाल्या मुलानं आईंना शेवटचे दोन किलोमीटर सोडलं. सकाळी सहाच्या आत घरात असणं बंधनकारक. आम्ही बाराच्या सुमारास शिरलो. तेव्हा हे लिहून ठेवा: मूर्ती आपल्याच गल्लीतल्या बघा. सानूरलाही मिरवणूक निघते, उबुदलाही निघते, आणि इबूंच्या मते आमच्या बांजारची मूर्ती देनपासारमधल्या निम्म्यांपेक्षा चांगली होती. आम्ही ती चुकवल्याचं त्यांनी आम्हाला शेवटपर्यंत सुनावलं.

घरी पोचलो तर अंगणात धुराचा वास. तिन्हीसांजेला घरच्यांनी पलिते पेटवून, डबे-ताटल्या बडवत प्रत्येक खोलीत फिरून भुतं हाकलली होती. आमच्याही खोल्यांत. हा घरातला भागही आम्ही चुकवला.

न्येपीचा हिशोब भुतांच्या बाजूनं समजून घ्यावा. आदल्या रात्रीच्या गोंगाटानं ती जागी होतात, बेटावर फिरतात, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, दिवा नाही, धूर नाही, माणूस नाही. ओसाड बेट समजून निघून जातात. इबूंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा मुलगा हसत होता, पण तो हळू आवाजात हसत होता.

नियम चार: आग-दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. शनिवारी सकाळी सहा ते रविवारी सकाळी सहा. मोबाइलचं इंटरनेट बंद. हे २०१८ पासून दरवर्षी होतं. मोठ्या हॉटेलांचं वाय-फाय सहसा चालू असतं. इबूंनी मात्र राउटरची वायरच काढून कपाटात ठेवली. विमानतळ, बंदरं, जावाकडे जाणाऱ्या फेरीबोटी, सगळं बंद. रस्त्यावर फक्त पचालांग, म्हणजे बांजारचे राखणदार. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र गुंडाळलेले. रुग्णवाहिका आणि इस्पितळांना सूट असते. घरात आजारी किंवा दिवस भरलेली बाई असेल तर यजमानांना आधीच सांगून ठेवा, ते पचालांगांना कळवतात. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि थर्मासमध्ये गरम पाणी, एवढी आमची तयारी होती.

सकाळी जाग आली ती कोंबड्यांनी. मग काही नाही. तुम्ही म्हणाल लॉकडाउनमध्ये आपणही हे अनुभवलंय. आईही तेच म्हणाल्या, “जनता कर्फ्यूसारखं वाटतंय.” पण तासाभरात फरक जाणवला. तेव्हा टीव्ही चालू होता, फोन चालू होते, भीती होती. इथे शेजारच्या अंगणात कुणी खराटा ठेवला तरी ऐकू येत होतं. दुपारी मी एका पाकोळीच्या पंखांचा आवाज ऐकला. मी हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही, म्हणून नवऱ्याला हात धरून उभं केलं आणि त्यालाही ऐकवलं.

जेवण आदल्या दिवशीच करून ठेवलेलं होतं: नारळाच्या झावळीच्या चौकोनी पुडीत शिजवलेला भात, भाजलेल्या खोबऱ्याचा कीस, उकडलेल्या भाज्यांना खोबरं लावून केलेलं उराब, आणि क्लेपोन. क्लेपोन म्हणजे उकडीचा मोदक उलटा करा: पिठाच्या गोळ्यात गूळ आत, खोबरं बाहेर. शाकाहाऱ्यांसाठी सूचना: ‘सायूर’ म्हणजे भाजी असली तरी वाटणात ‘त्रासी’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची चटणी असू शकते. “तांपा त्रासी” म्हणा, म्हणजे त्रासीशिवाय. आमच्याकडे चिवडा, दशम्या आणि बेसनाचे लाडूही होते. इबूंना चिवडा इतका आवडला, की उपास धरलेल्या त्यांच्या नवऱ्यानंही संध्याकाळी मूठभर मागून कागदात बांधून ठेवला, उद्यासाठी.

रात्री साडेसातला आईंनी न्हाणीघरातला दिवा लावला. सवयीनं. मिनिटभरात फाटकावर टकटक आणि फटीतून टॉर्चचा झोत. न्हाणीघराच्या झरोक्यातून उजेड रस्त्यावर पडत होता. इबू धावत गेल्या, हात जोडले, दबक्या आवाजात बोलणं झालं, पचालांग निघून गेले. दंड नाही, ओरडा नाही. पण इबूंचा चेहरा उतरला होता, कारण बोल त्यांच्या घराला लागणार. आम्ही झरोक्याला वर्तमानपत्र चिकटवलं. तुम्ही हे संध्याकाळच्या आधीच करा. टॉर्चवर लाल कागद किंवा रुमाल बांधा आणि फोनचा पडदा अगदी मंद ठेवा.

आई शरमल्या होत्या. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून अंगणात चटई टाकली. ढग होते, पण मधे मधे उघडत होतं. अमावास्येचं आकाश आणि खाली एका बेटावर दिवा नाही. माझे सासरे पंचांग बघणारे होते, त्यामुळे आईंना तारे येतात. व्याध जवळपास डोक्यावर होता. त्याच्याखाली दक्षिणेकडे बोट नेत त्या थांबल्या. “हा अगस्ती? इतका वर?” डोंबिवलीत अगस्ती दिसलाच तर इमारतींच्या रांगेवर, धुरकट. इथे तो भर आकाशात. आग्नेयेला त्रिशंकू वर येत होता. मग आठवलं: प्रांबानानच्या शिवमंदिरात दक्षिणेच्या गाभाऱ्यात मूर्ती आहे ती अगस्तीचीच. दक्षिणेला आलेला ऋषी दक्षिणेकडेच बसवलाय. इबूंचा मुलगा शेजारी येऊन आडवा झाला. पुढचे दोन तास कुणी फारसं बोललं नाही. आई मधेच घोरल्या, एवढंच.

त्याच संध्याकाळी ईदचा चंद्र बघायचा होता. चंद्र दिसला असता तर ईदची तक्बीर, म्हणजे अल्लाहचा जयघोष, न्येपीच्या अंधारात म्हणावी लागली असती. तो दिसला नाही, ईद ३१ला ठरली. त्या शांततेत पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीचा कर्णा बंद होता, आणि त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही.

रविवारी पहाटे सहाच्या ठोक्याला पहिली स्कूटर सुरू झाली. मला तिचा राग आला.

सूर्योदय सव्वासहाच्या पुढे. आईंनी आंघोळ करून बांबू धुतला. प्रश्न कडुनिंबाचा होता. मी घरून आणायचा म्हणत होते, पण पाला-पानं परदेशात न्यायला परवानगी नसते, म्हणून सोडून दिलं. फोनवर कडुनिंबाचा फोटो दाखवला तर इबू म्हणाल्या, “इंतारान!” आणि गल्लीच्या टोकाच्या झाडाची डहाळी घेऊन आल्या. सानूरमधल्या एका पारंपरिक गावाचं नावही इंतारानच आहे. म्हणजे आम्ही कडुनिंब शोधत होतो तो त्यांच्या पत्त्यातच होता. खण बांधला, गाठी घातली, चाफ्याची फुलं इबूंनी ओवली, वर तांब्या उपडा. घरच्या देवळाच्या भिंतीला टेकवून गुढी उभी केली. इबूंनी पायथ्याशी एक चानांग, पानाच्या द्रोणातला फुलांचा नैवेद्य, ठेवला आणि उदबत्ती लावली. कुणी सांगितलं नव्हतं. तांब्या उपडा का, असं त्यांच्या मुलानं विचारलं आणि आईंनी त्याला मराठीत पाच मिनिटं समजावलं. तो मान डोलवत राहिला.

कडुनिंब-गूळ वाटला. ताडाचा काळा गूळ, त्यामुळे रंग भयंकर. सगळ्यांनी खाल्ला. इबूंनी चव घेतली आणि म्हणाल्या, “लोलोह.” लोलोह म्हणजे त्यांचा पाल्याचा काढा. मुलाचं तोंड मात्र परवाच्या मूर्तीसारखं झालं.

त्या दुपारी देनपासारच्या सेसेतानमध्ये ओमेद-ओमेदान असतं: बांजारमधली अविवाहित तरुण मुलं-मुली दोन रांगा करून एकमेकांना ओढतात, मिठी मारतात, गालाला गाल लावतात आणि वरून पाण्याचा मारा. गर्दी प्रचंड, दिसलं थोडंच. जायचं तर दुपारी एकलाच जागा धरा आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आई आल्या नाहीत. बरं झालं.

३१ला ईद. शेजारच्या जावानी कुटुंबाकडून इबूंकडे डबा आला. तसाच झावळीतला भात, ‘कतुपात’, फक्त बरोबर कोंबडीचा रस्सा. इबूंनी त्याच डब्यात न्येपीची फळं भरून परत पाठवली. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे आपल्याकडेही आहेच.

ईदचा मात्र प्रवाशाला दुसराच फटका. लाखो लोक गावी जातात, तिकिटं महागतात, आणि त्या वर्षी सरकारी सुट्टी २८ मार्च ते ७ एप्रिल होती. बँका बंद, पैसे बदलून देणाऱ्यांची बरीच दुकानंही बंद. न्येपीच्या आधीच रोख काढून ठेवा. परतीचं तिकीट ३० तारखेच्या पहाटेचं घेऊ नका. विमानतळ उघडल्या उघडल्या दिवसभराची गर्दी तिथेच असते. आम्ही २ एप्रिलला निघालो, निवांत.

देशी-सरकारी सणांत रस असेल तर १७ ऑगस्ट बघा, १९४५ सालच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचा दिवस. नवरा दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त तेव्हा जकार्तात होता. तो सांगतो, गल्लीगल्लीत पोत्याची शर्यत आणि दोऱ्याला टांगलेले पापड हात मागे बांधून खायची स्पर्धा. आणि पांजात पिनांग: सुपारीच्या खोडाला तेल फासून वर बक्षिसं टांगतात, खाली एकावर एक थर लावून चढायचं. म्हणजे दहीहंडी आणि मल्लखांब एकत्र, शिवाय घसरगुंडी. गालुंगान हवं असेल तर ते दर २१० दिवसांनी येतं, जसं १९ नोव्हेंबर २०२५ नंतर १७ जून २०२६. तेव्हा रस्ते पेंजोरनी भरलेले असतात आणि न्येपीसारखं घरात बसावं लागत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर न्येपीपेक्षा तेच निवडा. चार वर्षांच्या मुलाला चोवीस तास हळू बोलायला लावणं, हे व्रत चारांत नाही.

आणि पुढची न्येपी १९ मार्च २०२६, गुरुवारी. आपला पाडवाही नेमका त्याच दिवशी. म्हणजे गुढी उभारायची ती दिवे, आवाज, चूल सगळं बंद असताना. इबूंनी निरोप पाठवलाय, की बांबू त्यांनी स्वयंपाकघराच्या वळचणीला ठेवलाय. आईंना म्हटलं, तुमची पूजा कशी होणार? निरांजनसुद्धा लावता यायचं नाही.

“गुढी काय बोलते का?” त्या म्हणाल्या. “आदल्या दिवशीच सगळं बांधून ठेवू.”